लहान चणीच्या नवख्या नेमबाजासाठी बंदूक निवडताना

खानदेशात शेतकऱ्याच्या घरी बंदूक असलीच, तर ती बहुधा पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची, आजोबांच्या काळातली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप; आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद) दुनळी असते. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात रानडुकरांचा उपद्रव जुना असल्यामुळे अशा बंदुका ठेवण्याची रीतही जुनीच आहे. त्यामुळे घरातल्या एखाद्या मुलीने ट्रॅप किंवा स्कीट, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या छऱ्याच्या बंदुकीने फोडण्याचे खेळ, शिकायचे मनावर घेतले, की घरचे लोक दोनच गोष्टी सुचवतात. पहिली म्हणजे घरची बंदूक आहेच, तिच्यावरच शीक; आणि ती पेलत नसेल तर दुसरी म्हणजे एखादी हलकी, लहानशी बंदूक घेऊ. माझ्या चोपड्याच्या भाचीच्या बाबतीत नेमके हेच घडले. तिची उंची पाच फुटांहून थोडी कमी आहे, अंगकाठी सडपातळ आहे आणि महाविद्यालयात एनसीसीच्या शिबिरात .२२ रायफल चालवल्यापासून तिला या खेळाची ओढ लागली आहे. मला हे दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात आणि त्यामागची कारणे सविस्तर मांडावीत, असे बरेच दिवस मनात होते.

घरच्या बंदुकीचा प्रश्न लवकर मिटतो. परवाना ज्याच्या नावावर आणि ज्या कारणासाठी दिलेला असतो, त्यापलीकडे ती बंदूक वापरता येत नाही. खेळासाठी वेगळा परवाना काढावा लागतो आणि स्वतःच्या नावावर तो घ्यायचा तर वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.

हलक्या बंदुकीचा मोह मात्र अधिक घातक आहे, कारण वरवर पाहता तो शहाणपणाचा वाटतो. काडतूस तेच ठेवले, तर मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३.४ किलोच्या बंदुकीऐवजी २.७ किलोची घेतली, तर तोच बार खांद्यावर सुमारे पाव पटीने अधिक जोराने बसतो. याचा अर्थ, ज्या शरीराला धक्का सोसणे कठीण, त्याच शरीराच्या हाती आपण जास्त धक्का देणारे हत्यार देतो. धक्का कमी करायचा असेल तर वजन कमी करू नये, काडतूस सौम्य घ्यावे. २८ ग्रॅम छऱ्यांऐवजी २४ ग्रॅमचे काडतूस घेतले, तर बंदूक आणि वेग तेच असताना धक्क्याची ऊर्जा साधारण पाव भागाने उतरते. ऑलिम्पिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्येही छऱ्यांची मर्यादा २४ ग्रॅमचीच आहे, त्यामुळे नवख्याने सुरुवातीपासून त्याच वजनावर शिकण्यात काहीही कमीपणा नाही. सरावासाठी २१ ग्रॅमची काडतुसेही असतात आणि ती मिळाली तर पहिले काही महिने तीच वापरावीत, असे माझे मत आहे.

खरा प्रश्न दस्त्याच्या, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडी भागाच्या, लांबीचा आहे. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे हे अंतर कारखान्यातून येणाऱ्या बंदुकीत साधारण साडेचौदा इंच असते आणि ते मध्यम ते उंच पुरुषाचा अंदाज धरून ठरवलेले असते. माझ्या भाचीने सरावाच्या मैदानावर अशी एक बंदूक उचलली, तेव्हा मी तिच्या बाजूला उभा राहून पाहत होतो. चापापर्यंत बोट पोचावे म्हणून तिचा उजवा हात जवळजवळ सरळ झाला, पुढच्या वजनाचा तोल सांभाळण्यासाठी कंबर पुढे आणि पाठ मागे गेली, गाल दस्त्यावर टेकण्याऐवजी मान ताणून पुढे आली. सगळ्यात वाईट म्हणजे दस्त्याचे टोक खांद्याच्या खळग्यात न बसता बाहेर दंडाच्या स्नायूवर बसले. काही बार झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "मामा, खांदा भलता दुखस." प्रत्यक्षात दुखत होता तो दंड, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच निळा डाग उमटला. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी "पोरीला झेपणार नाही" असा निर्वाळा देऊन टाकला. मला तो मुळीच मान्य नव्हता. तिच्या ताकदीत काही उणे नव्हते, बंदूक तिच्या मापाची नव्हती.

तिच्या उंचीच्या व्यक्तीला साधारण तेरा ते साडेतेरा इंचांचा दस्ता लागतो, पण हा आकडा केवळ सुरुवातीसाठी आहे. कोपराच्या खाचेत दस्ता टेकवून बोट चापावर पोचते का, हे पाहण्याची जी पद्धत दुकानात सर्रास वापरतात, तिच्यावर विसंबू नये. मान किती लांब आहे, खांदे किती रुंद आहेत, हे तिच्यातून कळतच नाही. बंदूक उघडून ती रिकामी असल्याची स्वतः आणि दुसऱ्याकडून खात्री करावी, मग ती खांद्याला लावावी आणि मुठीवरच्या अंगठ्याचे पेर व नाकाचे टोक यांत दोन ते तीन बोटांचे अंतर राहते का, ते पाहावे. तितके राहिले तर लांबी बरोबर आहे.

लांबीइतकीच महत्त्वाची आहे दस्त्याची ती वरची कड, जिच्यावर गाल टेकतो. छऱ्याच्या बंदुकीला मागची माशी, म्हणजे नेम धरण्याची डोळ्याजवळची खूण, नसते, त्यामुळे नेमबाजाचा डोळा हीच मागची माशी ठरते आणि कड खाली-वर झाली की डोळाही खाली-वर होतो. लांब मान आणि लहान चेहरा असणाऱ्या मुलींना ही कड बहुधा उंच लागते, म्हणून खालीवर सरकवता येणारी कड असलेली बंदूक मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजावेत. ती जमली आहे का, हे पाहण्यासाठी डोळे मिटून रिकामी बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नळीवरची पट्टी सरळ आणि टोकाचा मणी मध्यावर दिसला, म्हणजे ती जमली. दस्त्याचे खालचे टोक छातीत रुतत असेल, तर मागच्या बाजूचा कोन बदलून घ्यावा लागतो. स्त्रियांच्या बाबतीत ही तक्रार नेहमीची आहे आणि संकोचामुळे ती बोलून दाखवली जात नाही, म्हणून शिकवणाऱ्याने स्वतःहून विचारावे.

बोअरविषयी थोडक्यात. .४१० ही वीस बोअरहूनही अरुंद नळीची बंदूक लहान दिसते म्हणून ती नवख्याला देतात, पण तिच्या अडीच इंची काडतुसात जेमतेम १४ ग्रॅम छरे असतात. त्यांचा फैलाव विरळ पडतो आणि नेम बरा असूनही तबकडी न फुटता निघून जाते. ती अनुभवी हातांची बंदूक आहे. वीस बोअर हा चांगला पर्याय आहे, मात्र आपल्याकडे दुकानात बारा बोअरची काडतुसे जितकी सहज मिळतात तितकी वीसची मिळत नाहीत. दोन्ही बोअर एकाच घरात असतील तर एक धोका कायम ध्यानात ठेवावा. वीसचे काडतूस चुकून बाराच्या नळीत पडले तर ते पुढे घसरून अडकते, नळी रिकामी वाटते, आणि मागून बाराचे काडतूस घालून बार काढला तर नळी फुटते. वीसची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी.

हे सगळे पाहून भाचीसाठी मी सुचवले ते असे: बारा बोअर, एकावर एक नळ्या, नळी २८ इंचांची, वजन सव्वातीन किलोच्या आसपास, दस्ता सव्वातेरा इंच आणि काडतूस २४ ग्रॅमपेक्षा जड नाही. दाजींना सव्वातीन किलो जास्त वाटले. परंतु माप बरोबर असले की वजन दोन्ही हातांत वाटले जाते, आणि रोज थोडा वेळ रिकामी बंदूक खांद्याला लावण्याचा सराव केला तर ते अंगवळणी पडते. विकत घेण्याआधी वेगवेगळ्या बंदुका हाताळायला मिळाव्यात, म्हणून भुसावळहून थेट गाडी असलेल्या भोपाळचा विचार करावा, असेही मी सांगितले. तिथल्या राज्य नेमबाजी अकादमीत शिकलेल्या मनीषा कीर हिने २०१८ मध्ये चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेत कनिष्ठ गटात ट्रॅपचे रौप्यपदक मिळवले होते.

दस्ता कापून घेण्याचे काम ओळखीच्या सुताराकडे देऊ नये. बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करावी लागते. नळीला तर हातही लावू देऊ नये, कारण परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. दस्ता एका दमात पुरता कापू नये. आधी अर्धा इंच काढावा, जाड रबरी पॅड बसवावा, काही आठवडे चालवून पाहावे आणि मगच पुढचे ठरवावे. कापलेला लाकडाचा तुकडा कारागिराकडून मागून घ्यावा. पुढे बंदूक एखाद्या उंच माणसाला विकायची वेळ आली, तर तोच तुकडा परत जोडता येतो.