बिली स्ट्रेहॉर्न मागे का राहिला?

माझ्या शिकवणीच्या खोलीत पेटीच्या वर भिंतीवर एक फोटो आहे. काळ्या फ्रेमचा चष्मा, पियानोवर बोटं. नवीन विद्यार्थ्याचे आईवडील हमखास विचारतात, हे कोण? मी सांगतो, बिली स्ट्रेहॉर्न. अमेरिकेतल्या ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदासाठी जवळजवळ तीस वर्षं यानं संगीत लिहिलं. एलिंग्टनचं नाव काहींच्या कानावरून गेलेलं असतं, याचं नसतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: ‘‘एवढा गुणी होता, तर आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे का राहिला?’’ विचारताना काही जण माझ्याकडेही जरा थांबून बघतात, कारण मी जन्मभर गायकांना पेटीची साथच केली आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

स्ट्रेहॉर्न १९१५चा. जन्म ओहायोतला, वाढला पिट्सबर्गमध्ये. पियानो घेतला तो स्वतःच्या कमाईतून. मनात होतं पाश्चात्त्य अभिजात पियानो वाजवायचं, पण त्या काळच्या अमेरिकेत काळ्या मुलाला त्या मंचाची दारं बंद होती. औषधांच्या दुकानात नोकरी करता करता त्यानं ‘लश लाइफ’ हे गाणं रचलं, शब्द आणि चाल दोन्ही. जग बघून थकलेल्या, रात्री बारमध्ये एकटेपण घालवू पाहणाऱ्या माणसाचं ते गाणं. त्यात पॅरिसही येतं. रचणारा मात्र विशीच्या आसपासचा, पिट्सबर्गबाहेर फारसं काही न पाहिलेला. हे त्याला कुठून सुचलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

१९३८च्या डिसेंबरात एलिंग्टन पिट्सबर्गला आला होता. कुणीतरी या पोराला रंगमंचामागे नेलं. त्यानं एलिंग्टनचीच एक रचना आधी हुबेहूब एलिंग्टनसारखी वाजवली. मग म्हणाला, आता मी ती कशी वाजवीन ते ऐका. समोरच्याचं अंग पूर्ण उचलायचं आणि लगेच आपलं काहीतरी ठेवायचं! साथीदाराचं सगळं काम या दोन वाजवण्यांत आलं. एलिंग्टननं त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. हार्लेममधल्या घरी यायला कुठली भुयारी रेल्वे धरायची, तेही सांगितलं. त्या पत्त्यातूनच ‘टेक द ए ट्रेन’, म्हणजे ‘ए’ नावाची गाडी धर, हे गाणं आलं.

ते गाजण्यामागे एक भांडण होतं. १९४१च्या सुरुवातीला मानधनाच्या वादावरून, एलिंग्टन संगीतकारांच्या ज्या संस्थेचा सभासद होता तिच्या सभासदांच्या रचना रेडिओवर लागेनाशा झाल्या. स्ट्रेहॉर्न सभासद नव्हता. वाद्यवृंद रेडिओवर ऐकू यायला हवा तर नवा माल यानंच द्यायचा. त्यानं दिला, आणि ‘ए ट्रेन’ वाद्यवृंदाची ओळखधून झाली. आजही ती एलिंग्टनचीच आहे असं समजणारे पुष्कळ भेटतात.

ही चाल मी मुलांना पेटीवर दाखवतो. मंद्र पंचम, मग गंधार, पुन्हा पंचम, सा, ग... सगळं शुद्ध, सरळ. आणि नंतर सूर जाऊन बसतो तो थेट कोमल धैवतावर, खाली साथीच्या सुरांत रिषभ आणि तीव्र मध्यम. तिथे हात थांबवून मी विचारतो, काय झालं? परवा एक नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, ‘‘सर, जमीन हलली.’’ आणि लगेच चाल घरी परत येते, काही झालंच नाही अशी.

आता मूळ प्रश्न. स्ट्रेहॉर्न समलिंगी होता आणि ते लपवत नव्हता. चाळीसच्या दशकात एका काळ्या माणसानं असं उघड जगणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. पुढे उभं राहायचं तर त्याला खोटं जगावं लागलं असतं. मागे राहून तो स्वतःच्या अटींवर जगला. हे एक खरं. दुसरंही खरं आहे, आणि ते मी झाकणार नाही: कित्येक कामांचं श्रेय त्याला वेळेवर मिळालं नाही, ते त्याला लागलं, आणि पन्नासच्या दशकात काही काळ तो दूर झाला. परत आला तो आपणहून. ‘सावलीत राहिला’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. एलिंग्टननं त्याला आपला उजवा हात म्हटलं, डावा हातही म्हटलं. हात सावलीत नसतो, कामात असतो.

१९६३ साली हा वाद्यवृंद भारतात आला, मुंबईतही वाजला. सोबत स्ट्रेहॉर्न होता. दिल्लीत त्याच्या कानावर एका साळुंकीचा सूर पडला, आणि त्यातून ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ ही रचना झाली. त्यात जिमी हॅमिल्टनची क्लॅरिनेट ऐका. आपल्या खिडकीवरचीच साळुंकी आहे ती.

वर्षभरानं त्याला अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. शेवटची रचना त्यानं रुग्णालयातून लिहून पाठवली, नाव ‘ब्लड काउंट’. ३१ मे १९६७ला तो गेला, एक्कावन्न वर्षांचा. त्याच वर्षी एलिंग्टननं फक्त त्याच्या रचनांची ध्वनिमुद्रिका केली. एका दिवसाचं काम आटोपलं, वादक वाद्यं आवरत होते, बोलत होते. एलिंग्टन पियानोवरून उठला नाही. तो एकटाच स्ट्रेहॉर्नचं ‘लोटस ब्लॉसम’ वाजवू लागला, आणि यंत्र सुरूच होतं. ध्वनिमुद्रणात सुरुवातीला माणसांची कुजबुज, खोक्यांचे आवाज आहेत. मग एकेक आवाज कमी होत जातो आणि खोलीत पियानोच उरतो.