तुम्ही विचारलंत म्हणून : परत फोनवरच का?

"एवढी गाणी फोनबरोबर गेली, आणि तुम्ही परत गाणी फोनवरच करताय? सरळ लॅपटॉप का नाही घेत?"

हे मला दाजींनी विचारलंय, पेढीवरच्या हमालानं विचारलंय, आणि लोकलमध्ये शेजारी बसून माझ्या स्क्रीनकडे तिरक्या नजरेनं बघणाऱ्या पाच-सहा बायकांनी तरी विचारलंय. दाजींना मी दर वेळी "बघू, दिवाळीनंतर" एवढंच म्हणते. तुम्ही आस्थेनं विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी चोरीचं. मी बदलापूरला राहते आणि मस्जिद बंदरला एका सुक्या मेव्याच्या पेढीवर टॅलीवर हिशेब सांभाळते. त्या संध्याकाळी लोकलच्या दारात उभी होते. दारात उभं राहून फोन हातात धरायचा नाही, हे मुंबईत शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण फोनवर नवीन ठेका नुकता कुठे जमत आला होता. गाडी सिग्नलला हळू झाली आणि बाहेरून मनगटावर काठी बसली. यालाच फटका म्हणतात. खांबाच्या आडोशाला उभं राहून हातावर मारायचं, फोन खडीत पडला की उचलून पसार व्हायचं. मी दांडी सोडली नाही म्हणून आज हे लिहितेय. केरव्याचा आठ मात्रांचा ठेका सातव्या मात्रेवर तुटला, आठवी आलीच नाही, असं मी आता रंगवून सांगते. खरं तर मनगट इतकं झणझणत होतं की मात्रा-बित्रा काही सुचलं नव्हतं. एवढं मात्र पक्कं आठवतं, की इयरफोन कानातच होते आणि वायरचं दुसरं टोक पोटाशी लोंबकळत होतं. शेजारच्या बाईनं ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "गेला."

पुढचं सगळ्यांचं असतं तसंच. तक्रार, मग नवीन सिम, मग सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर फोनचा 15 आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, भरून फोन ब्लॉक करणं. आयएमईआय खोक्यावर छापलेला असतो म्हणून मिळाला. तुम्ही आत्ताच *#06# दाबून कुठेतरी लिहून ठेवा, फोनमध्ये सोडून कुठेही. आणि नवीन सिम मिळालं की सगळं लगेच सुरळीत होतं असं समजू नका. सिम बदललं की 24 तास त्यावर एसएमएस येत नाहीत. नियमच आहे, आणि चांगलाच आहे, नाहीतर चोरच आपल्या नावाचं सिम काढून ओटीपी मागवतील. पण त्या 24 तासांत माझ्याकडे नंबर होता आणि त्यावर काहीच येत नव्हतं.

त्याच रात्री मी गाणी पुसली. हो, मी. चोरानं नाही.

शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर माझ्या खात्यात शिरले. फोन नकाशावर दिसत नव्हता, बंद होता. खाली 'डिव्हाइसवरचं सगळं पुसा' असं बटण. डोक्यात यूपीआय, बँकेचं ॲप, आईच्या रिपोर्टचे फोटो, आधार. दाबलं. उत्तर आलं की फोन पुन्हा इंटरनेटवर आला की पुसला जाईल. तो कधी आला, कुठे आला, मला कधीच कळलं नाही. दोन वर्षांचं काम कुठल्या वारी, किती वाजता गेलं याची नोंद नाही, हे हिशेबाच्या माणसाला जास्त लागतं.

आता तुम्ही म्हणाल, बॅकअप नव्हता का? होता हो! सेटिंगमध्ये 'बॅकअप चालू' असं स्वच्छ दिसायचं. नवीन फोन लावला तर फोटो आले, नंबर आले, व्हॉट्सॲप आलं, अलार्मसुद्धा परत आले. ज्यात गाणी करायचे ते पैसे देऊन घेतलेलं ॲपही आपोआप उतरलं. उघडलं तर पांढरा पडदा आणि मधोमध 'नवीन प्रोजेक्ट'.

अँड्रॉइडच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये एका ॲपच्या वाट्याला 25 एमबी येतात, हे मला त्यानंतर कळलं. सीडीच्या दर्जाचं, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झ आणि 16 बिटचं रेकॉर्डिंग मोनोमध्ये केलं, तरी मिनिटाला पाच एमबीच्या वर जातं. म्हणजे पाच मिनिटांच्या आतच वाटा संपला. तीन मिनिटांचं गाणं आणि सहा ट्रॅक धरले तर एकाच गाण्याचे पंचाण्णव एमबी होतात. त्यात हद्द ओलांडली की व्यवस्था पंचवीस एमबी घेऊन थांबत नाही, त्या ॲपचं काहीच वर पाठवत नाही. चूक माझीच. 'चालू' या शब्दावर विश्वास ठेवून दोन वर्षं मी एकदाही ताळा करून बघितला नव्हता. पेढीवर असं केलं असतं तर शेठनी दुसऱ्या दिवशी हिशेब चुकता केला असता.

मग भीक मागत सुटले. कुणाकुणाला गाणी पाठवली होती ते आठवून मेसेज केले. ताईकडून चार आली, मैत्रिणीकडून तीन, आणि भाच्याकडून दोन. त्यातलं एक त्यानं रिंगटोन म्हणून अर्ध्यावर कापलेलं होतं. अकरा पुऱ्या गाण्यांपैकी नऊ परत आली. अर्धवट होती तीस-एक, ती कुणाला पाठवलीच नव्हती, त्यामुळे त्यांचा प्रश्नच मिटला.

आली म्हणजे कशी आली ते सांगते, कारण गाणी न करणाऱ्यांना वाटतं, नऊ मिळाली ना, मग रडतेस कशाला. गाणं करताना ढोलकी वेगळ्या ट्रॅकवर असते, आवाज वेगळ्या, पेटी वेगळ्या. हवं तेव्हा ढोलकी कमी करता येते, पेटी काढून टाकता येते. लोकांना पाठवताना हे सगळं एकत्र करून एमपी3 करतात. परत आले ते एमपी3. टॅलीच्या भाषेत सांगायचं तर खालची बेरीज हातात आहे, पण वरची एकही नोंद उरली नाही. बेरजेवरून कुणी किर्द लिहून दाखवावी! हल्ली आवाज नि वाद्यं वेगळी करून देणारी साधनं निघालीत, तीही लावून बघितली. आवाज बरा सुटतो. ढोलकीला मात्र पेटीचा चिकटा राहतो, भांड्याला खरवड लागल्यासारखा.

तर आता लॅपटॉप.

लॅपटॉप घरी असतो. मी घरी नसते. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर, जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास गाडीत. घरी पोचल्यावर कुकर, आईची औषधं, दुसऱ्या दिवसाची भाजी, आणि मग पाठ टेकवणं. माझ्या आयुष्यात माझे म्हणावे असे तास तेवढेच आहेत, आणि ते रुळांवर आहेत. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून बसलेली बाई मांडीवर लॅपटॉप उघडेल का? फोन उघडते.

दुसरं म्हणजे माझ्या गाण्यातला माल गाडीतूनच येतो. गवारीची शेंग मोडताना 'टक' होतं ना, त्यापेक्षा चांगला बारीक ठोका मला कुठल्याही तयार साउंड पॅकमध्ये मिळालेला नाही. घेवड्याची शीर ओढतानाचा आवाज, बांगड्या मागे सारल्याचा आवाज, कल्याणजवळ गाडी रूळ बदलते तेव्हाचा खडखडाट. कोआला नावाचं एक ॲप आहे. त्यात पडद्यावरचा चौकोन दाबून धरला की रेकॉर्ड होतं, बोट उचललं की थांबतं, आणि मग तोच चौकोन वाजवायचा. असे 64 चौकोन. भाजी निवडणाऱ्या बाईला मी आधी विचारते, "ताई, जरा याच्याजवळ मोडा ना." सुरुवातीला हसतात. नंतर इतक्या मन लावून मोडतात की मला सांगावं लागतं, नेहमीसारखं मोडा.

फोनवर खरं गाणं होतं का, असंही विचारतात. स्टीव्ह लेसी नावाच्या अमेरिकन पोरानं केंड्रिक लामार या रॅपरच्या 2017 च्या अल्बममधल्या एका गाण्याचं काम आयफोनवरच्या गॅरेजबँड ॲपमध्ये केलं होतं, आणि त्या अल्बमला पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "त्याच्याकडे आयफोन होता." मुद्दा बरोबर आहे. अँड्रॉइडवर पूर्वी पडद्यावर बोट मारलं की आवाज यायला जाणवण्याइतका उशीर व्हायचा, आता पुष्कळ सुधारलंय. पण ब्लूटूथ इयरफोन लावून ठेका धरायला जाऊ नका. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले तर एक भाग 125 मिलिसेकंदांचा होतो, आणि बऱ्याच ब्लूटूथ इयरफोनांत आवाज त्याहूनही उशिरा पोचतो. म्हणजे तुम्ही 'तिरकिट'मधलं 'ति' वाजवलं तर ते ऐकू येतं 'र' वर. म्हणून मी नऊ हजारांत असा जुना फोन शोधला ज्याला इयरफोनचं गोल भोक आहे. दुकानदार मला तीन वेळा नवीन मॉडेल दाखवत होता. मी तीन वेळा भोक विचारलं.

आणि काय बदललं? गाणी आता बँडलॅबमध्ये करते. सिंगापूरच्या कंपनीचं आहे, फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे ट्रॅक सुटे-सुटे त्यांच्याकडे साठतात. फोन गेला तरी दुसऱ्या फोनवरून खात्यात शिरलं की नोंदी जागेवर. पण एकदा पोळल्यामुळे तेवढ्यावरही निजत नाही. शुक्रवारी शेठ नमाजाला गेले की पेढीच्या वायफायवरून सगळं ड्राइव्हवर चढवते आणि एक गाणं उघडून, वाजवून बघते. गाडीत टिपलेले कच्चे आवाज त्याच दिवशी ताईला व्हॉट्सॲपवर पाठवते, तेही डॉक्युमेंट म्हणून, कारण व्हॉइस नोट केली की आवाज पार आवळला जातो. ताई बिचारी प्रत्येक उघडून ऐकते. एकदा अकरा सेकंदांच्या शेंगा ऐकून तिनं उत्तर पाठवलं, "छान. पण शब्द कळले नाहीत."

फोनमध्ये आता ते हिसका ओळखून आपोआप लॉक होणारं सेटिंगही चालू आहे. आतापर्यंत चोरासाठी एकदाही लागलं नाही. ठाण्याला माझी गाडीत शिरताना धक्काबुक्की झाली तेव्हा मात्र नेमकं लागलं, आणि चालू रेकॉर्डिंगवर पडदा पडला. असो.

गेलेल्या तीस-एक तुकड्यांपैकी बहुतेकांचं मला काही वाटत नाही, बरेचसे टुकारच असणार. एकाचं वाटतं. सातारा जिल्ह्यात माझं आजोळ आहे. तिथे चैत्रातल्या यात्रेत तात्या हलगी वाजवतात. छबिन्याच्या आधी देवळामागे त्यांनी उसाचं पाचट पेटवलं होतं आणि हलगी त्यावर फिरवत होते. कातडं ताणलं का बघायला मधूनच टिपरू मारायचे. पहिला ठोका ढब्ब. थोडं तापवून दुसरा, जरा वर. मग तिसरा. मागे पाचटाची तडतड. चाळीस सेकंदांत आवाज ढब्बपासून कडाडण्यापर्यंत चढत गेला होता, आणि मी फोन हातभर अंतरावर धरून श्वास रोखून बसले होते. तेवढंच. त्यावर गाडीचा खडखडाट, पेटी आणि माझा आवाज चढवून एक गाणं केलं होतं. ते गाणं परत आलेल्या नऊमध्ये आहे. खालचे चाळीस सेकंद नाहीत.

या वर्षी यात्रेला गेले ते मुख्यतः तेवढ्यासाठीच. देवळामागे जाऊन बसले. पाचट नव्हतंच. तात्या आले, पिशवीतून हलगी काढली, खाकोटीला मारली आणि सरळ वाजवायला लागले. पहिल्या ठोक्यालाच खणखणीत.

"तात्या, तापवणार नाही?"

"आता कोण तापवत बसतंय, पोरी? फायबरची हाय ही. पावसात नेली तरी उतरत न्हाय." मग म्हणाले, "मागल्या येळचं काय केलंस? ऐकव की."

मी एमपी3 लावला. त्यांनी फोन कानाला लावून, डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. मग फोन परत दिला.

"गाडी झ्याक वाजतीया," म्हणाले. "हलगी कुठाय?"