चोर बाजारातला फोन

महिन्यापूर्वी चोर बाजारातून आणलेला भिंतीवरचा डायलचा फोन आज उघडला. डायल परत येताना मध्येच अडकायची. आत ग्रीस वाळून पार डिंक झालेलं! रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, घड्याळाच्या तेलाचा एक थेंब सोडला, आणि सर्रर्र करत गेली की जागेवर. डायल परत येताना जेवढा आकडा तेवढे विजेचे ठोके लाइनवर जातात, सेकंदाला साधारण 10. 0 ला पूर्ण 10 ठोके लागतात, म्हणून तो फिरवताना एवढा वेळ जायचा. घंटीच्या पितळी वाट्या आईने देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासून दिल्या. (वर ‘आता लावणार कुणाला?’ हेही ऐकवलंच.)

आता घरचा फोन राउटरला जोडायचा, आणि आमच्या राउटरला हे ठोके कळतच नाहीत. तरी गिरगावच्या शेजारच्या काकूंचा, आमचा पीपी नंबर (घरी फोन नसताना निरोपासाठी दिलेला शेजाऱ्यांचा नंबर) फिरवून पाहिला. बोटाला पाठ होता.