नरसम्मा, नरसव्वा, नरसूबाई

माझ्या आईला तीन नावं आहेत. घरात आणि आधार कार्डावर ती नरसम्मा. बँकेच्या पासबुकावर नरसव्वा, कारण खातं उघडताना फॉर्म भरून देणाऱ्या शेजारच्या काकू कानडी. आणि ती जिथल्या विड्या वळते त्या कारखान्याच्या लॉगबुकात, म्हणून पीएफच्या रेकॉर्डलाही, नरसूबाई. तिथला मुनीम मराठी, त्यानं त्याच्या कानाला पडलं ते लिहिलं. सोलापुरात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या पूर्व भागात एकाच बोळात अम्मा, अव्वा आणि बाई अशा तिन्ही हाका ऐकू येतात. वावगं वाटलं ते फक्त पीएफच्या पोर्टलला.

जानेवारी 2024 मध्ये आईला 58 पूर्ण झाली. आधारवर तिची जन्मतारीख 1 जानेवारी आहे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची तीच आहे, कारण ज्यांना तारीख सांगता आली नाही त्यांच्या वाट्याला वर्षाचा पहिला दिवस आला. 58 झाली म्हणजे पेन्शन. विडी कारखान्यांना पीएफ 1977 पासून लागू आहे. 10 वर्षांची सेवा भरली असेल तर 1995 च्या योजनेतून पेन्शन बसते आणि 2014 पासून ती महिन्याला किमान 1,000 रुपये आहे. हजारच, हो. हजार म्हणजे किती, हे ज्याला बघायचंय त्यानं मांडीवर सूप घ्यावं, पत्र्याच्या मापावर पान कापावं आणि हजार विड्या वळाव्यात. त्यातल्या कारखान्यात खराब म्हणून किती बाद होतात तेही मोजावं.

मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. मला वाटलं, दोन तासांचं काम आहे. मोबाईलवर यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर टाकला, आधार जोडायला गेले, तर नाव जुळत नाही म्हणून लाल अक्षरं. नाव जुळत नाही म्हणून केवायसी नाही, केवायसी नाही म्हणून पेन्शनचा अर्ज पुढे सरकत नाही. कन्ना चौकाजवळ एक एजंट बसतो, त्याला विचारलं. म्हणाला, तीन हजार, गॅरंटी नाही. म्हणजे तीन महिन्यांची पेन्शन आधी त्याला.

आधी ठरवायचं होतं की दुरुस्त काय करायचं. आई म्हणाली, आधारच बदल की, 50 रुपयांत होतंय. (तेव्हा 50 होते.) पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि रेशन, गॅस, लाडक्या नातवाचा दाखला असं सगळं नरसम्मावर चाललेलं. ते हलवलं तर दुसरीकडे चार ठिकाणी भगदाड पडणार. म्हणून आधार खरं धरायचं आणि पीएफ अन् बँक त्याच्याशी जुळवायची. बँकेचं एका चकरेत झालं. पीएफसाठी संयुक्त घोषणापत्र भरावं लागतं. 'संयुक्त' या शब्दाकडे मी तेव्हा नीट बघितलं नाही. अर्ज कामगारानं करायचा, पण तो तेव्हा आधी मालकाच्या लॉगिनला जायचा, मालकानं मंजूर केल्यावरच पीएफ ऑफिसला पोचायचा.

फेब्रुवारीत अर्ज टाकला. मार्च संपला तरी तो मालकाच्या लॉगिनलाच होता. मी कारखान्यात गेले. मुनीम चष्म्यावरून बघत म्हणाले, "सर्व्हर डाऊन आहे, पुढच्या आठवड्यात ये." पुढच्या आठवड्यात, "पोरी, तुला यातलं काय कळतंय, आईला पाठव." आईला पाठवलं, तर तिला म्हणाले, "पोरगी शिकलेली आहे ना, तिलाच पाठव."

आई या सगळ्यावर एकच म्हणत होती. "बायकांना घेऊन जाऊ की." मला ते ऐकून वैताग यायचा. माझ्या लहानपणी आई महिन्यातून एकदा तरी पूनम गेटला मोर्चाला जायची, आणि मला वाटायचं, ऊन डोक्यावर घेऊन काय मिळतं हिला? हे वाटणं किती खुळचट होतं ते सांगायला हवं, कारण मी ते बोलत होते तेव्हा माझी मावशी सोलापूरजवळच्या कुंभारीला स्वतःच्या घरात राहत होती. विडी कामगारांचे नेते आडम मास्तर यांच्या मागं अशाच बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या म्हणून तिथं विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले. ते माझ्या पुस्तकात नव्हतं, एवढंच.

तर आम्ही चौघी जमलो. एक बीसीएची, एक नर्सिंगची, एक शिवणकाम करणारी आणि मी. चौघींच्याही आया विड्या वळणाऱ्या. एका रविवारी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकली आणि गल्लीतून सांगत फिरलो, आधार आणि लॉगबुक घेऊन या. वाटलं होतं पाच-सात जणी येतील. संध्याकाळपर्यंत 31 झाल्या. प्रत्येकीच्या हातात कॅरीबॅग, कॅरीबॅगेत रेशनकार्डात गुंडाळलेलं सगळं आयुष्य. एकीचं नवऱ्याचं नाव वडिलांच्या रकान्यात. एकीच्या लॉगबुकात माहेरचं नाव, लग्नाला 40 वर्षं झालेली. एक आजी तर सासूच्या नावावर वळत होत्या. सासू वारली तरी कारखान्यात नाव तेच राहिलं, त्यामुळे यांची स्वतःची सेवा कागदावर शून्य. त्यांच्यासाठी आमच्याकडे काहीच नव्हतं. त्या उठून गेल्या तेव्हा आम्हा चौघींपैकी कुणी वर बघितलं नाही.

बीसीएवालीनं वहीत रकाने आखले. आधारवरचं नाव, पीएफचं नाव, काय चुकलंय, काय जोडलंय. मग एकच पत्र केलं, सोबत 31 जणींची यादी आणि प्रत्येकीचा अर्ज, सगळ्याच्या दोन प्रती. दुसरी प्रत पोचेसाठी. हे शिवणकाम करणारीनं सुचवलं. तिनं एकदा वीजबिलाच्या भांडणात पोच न घेता अर्ज दिला होता आणि नंतर तिला "कुठला अर्ज?" असं ऐकावं लागलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, भर उन्हात, 31 बायका आणि आम्ही चौघी कारखान्यात गेलो. घोषणा नाही, झेंडा नाही. बायका पान आणि सूप घेऊन आल्या होत्या, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी ऑफिसच्या दारातल्या सावलीत बसून वळायला सुरुवात केली. मुनीम बाहेर आले.

"काय ओ हे? काय पाहिजे?"

माझी आई वर न बघता म्हणाली, "काय नाही. सर्व्हर वर यायची वाट बघायलोय."

पाऊण तासात पोचेचा शिक्का मिळाला. एका प्रतीवर नाही, 31 प्रतींवर, कारण नर्सिंगवालीनं प्रत्येकीवर मागितला. पुढच्या दहा दिवसांत एकेक अर्ज पुढे सरकला. मला कौतुक पोर्टलचं वाटायचं. पण त्या पोर्टलच्या मधोमध एक माणूस बसलेला असतो आणि त्याला कसं उठवायचं, हे आम्हा चौघींपेक्षा आमच्या आयांना जास्त कळत होतं.

पीएफ ऑफिसमधून सहा अर्ज परत आले, त्यात आईचाही होता. जोडलेला कागद पुसट. झेरॉक्स झेरॉक्सवरून काढली होती, चूक माझीच. खिडकीवरच्या बाईंनी त्याऐवजी दुसरा कुठला दाखला चालेल ते शांतपणे लिहून दिलं. आईचं नाव जूनमध्ये दुरुस्त झालं. मग पेन्शनसाठी 10-डी चा फॉर्म. ऑगस्टमध्ये खात्यात पहिली रक्कम आली ती मागच्या महिन्यांसकट, 7,000.

एक गोष्ट मात्र आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती. पेन्शन चालू ठेवायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो आणि त्याला अंगठा लावावा लागतो. आईचा अंगठा उठेना. उजवा नाही, डावा नाही, तर्जनीही नाही. मी पहिल्यांदाच तिची बोटं उजेडात धरून बघितली. पानाच्या कडा दुमडून दुमडून पेरं गुळगुळीत झालेली, तंबाखूनं पिवळी. रेषाच नव्हत्या. रेशन दुकानात हेच होतं म्हणून ती मला पाठवायची आणि मी चिडायची. शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला निघतो हे कळलं, तो निघाला. "डोळे मिचकाव" म्हटल्यावर आई इतकी हसली की दोनदा परत करावं लागलं.

8 मार्चला एका कॉलेजनं आम्हा चौघींना बोलावलं. शाल, नारळ, बॅनरवर 'परिवर्तनाच्या शिल्पकार तरुणी'. आया प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. माईकवर काय बोलावं सुचेना, म्हणून मी पोच कशी घ्यायची ते सांगितलं. मागून शिट्टी आली.

31 पैकी 22 जणींचं काम झालं. पाच जणींच्या वयाचा घोळ आहे, त्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांचा वयाचा दाखला आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागणार. उरलेल्या चार जणींचा आधीचा कारखानाच बंद पडलाय. तिथं मालकाच्या सहीऐवजी राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजर अशा कुणाची तरी सही चालते, पण ओळख नसलेल्या बाईच्या कागदावर सही करणारा अजून सापडलेला नाही. मंगळवारी एका ठिकाणी जाऊन बघायचंय. आई म्हणते, चौघीच कशाला, सगळ्याच जाऊ. सूप घेऊ का, विचारत होती.