तेच ते ऐकायला एवढ्या लांब?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मिरजेहून आत्या फोनवर विचारते, गणपतीत लंडनच्या महाराष्ट्र मंडळात भेटणाऱ्या मैत्रिणी विचारतात: "घरात सीडी आहेत, यूट्यूबवर सगळं फुकट आहे. मग स्टीव्ह हॅकेट नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या इंग्रज वादकाची पन्नास वर्षांपूर्वीची तीच ती गाणी ऐकायला तिकीट काढून, आगगाडीनं परगावी कशाला जाता?"

दर वेळी "आवड आहे हो" म्हणून मी विषय संपवते. पण ते काही खरं उत्तर नाही. खऱ्या उत्तराला थोडा वेळ लागतो, आणि त्याची सुरुवात मिरजेतच होते.

आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. शाळेतून येताना मी एका दुकानाच्या पायरीवर रोज थांबायचे, कारण तिथले चाचा तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले असायचे. घोडीवरून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवरून, कानस अगदी अलगद फिरवायची, तार छेडायची, कान जवळ न्यायचा, पुन्हा घासायचं. मग तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवायचा. बराच वेळ नुसता कोरडा आवाज येत राही. आणि मग एकदम, काय झालं ते दिसायचं नाही पण ऐकू यायचं: स्वर उमलायचा आणि तारेवरून बोट उचलल्यावरही हवेत रेंगाळायचा. या रेंगाळण्याला आमच्याकडे आस म्हणतात. वाद्य चांगलं की वाईट हे चाचा त्या आसेवरून ठरवायचे. भोपळ्यावरची नक्षी त्यांच्या लेखी गौण.

१९८६ साली दादा सांगलीला इंजिनिअरिंगला होता. मित्राकडून भरून आणलेली एक कॅसेट त्यानं घरी वाजवली. जेनेसिस नावाचा इंग्लिश बँड आणि त्यांचा १९७३चा अल्बम, 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'. मला शब्द कळत नव्हते. पण 'फर्थ ऑफ फिफ्थ' नावाच्या गाण्यात मधेच एक वाद्य सुरू झालं आणि मी ताटावरून उठून टेपरेकॉर्डरपाशी गेले. त्या स्वराला आघातच नव्हता. तार छेडल्याची खूण नाही, नखी लागल्याची खूण नाही. स्वर कुठूनतरी यायचा, वाढायचा आणि संपता संपायचा नाही. मी म्हटलं, हे व्हायोलिन आहे. दादा म्हणाला, गिटार आहे, कव्हरवर लिहिलंय. आमचा तो वाद बरीच वर्षं चालला.

ती गिटार स्टीव्ह हॅकेट यांची. जन्म लंडनचा, १९५०चा. 'मेलडी मेकर' साप्ताहिकात त्यांनी दिलेली छोटी जाहिरात वाचून जेनेसिसच्या मंडळींनी त्यांना बोलावलं, आणि १९७१ ते १९७७ ते त्या बँडमध्ये होते. गायक पीटर गॅब्रिएल कोल्ह्याचा मुखवटा घालून, लाल झगा घालून रंगमंच गाजवायचे. हॅकेट मात्र काळे कपडे, दाढी, जाड चष्मा अशा वेशात एका बाजूला बसून वाजवायचे. त्या काळचे फोटो पाहा, गिटार वाजवणारा हा माणूस घड्याळ दुरुस्त करत असावा असं वाटतं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात तो हाच प्रकार: तीन मिनिटांच्या गाण्याऐवजी दहा, वीस मिनिटांची रचना, मधे लय बदलते, ताल बदलतो, कधी बासरी येते, कधी ऑर्गन. विलंबितापासून द्रुतापर्यंत जाणारा ख्याल ऐकायची सवय असलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नव्हतं. मला तरी ते कधी वाटलं नाही.

आता ब्रायटनची गोष्ट. सप्टेंबर २०२२. जेनेसिसच्या 'फॉक्सट्रॉट' या अल्बमला पन्नास वर्षं होत होती आणि हॅकेट आपल्या आजच्या साथीदारांबरोबर तो सबंध, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार होते. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून तासाभराचा प्रवास. स्टेशनवरून समुद्राकडे उतरत गेलं की पंधरा मिनिटांत ब्रायटन डोम हे सभागृह. पुढे त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रणही अल्बम म्हणून बाजारात आलं, ते माझ्याकडे आहे. तरी मी त्यानंतर आणखी दोनदा त्यांना ऐकायला गेले, म्हणजे तुमचा प्रश्न रास्तच आहे.

या इमारतीविषयी थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घुमट, कमानी, सगळा थाट हिंदुस्थानी. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या युवराजाच्या घोड्यांची पागा म्हणून तो बांधला. आणि पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांचं इस्पितळ इथं होतं. घुमटाखाली ओळीनं मांडलेल्या खाटांचे फोटो आहेत. जातधर्माप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरं होती. आतलं सभागृह १९३०च्या दशकात नव्यानं घडवलं, त्यामुळे आज वर पाहिलं तर ते जुनं छत दिसत नाही. पण दिवे मालवण्याआधी मी खुर्चीत बसून वर पाहत राहिले. आपल्याकडचा कुठला तरी पोरगा इथे याच जागी पडून वर बघत असेल, त्याच्या कानावर काय पडत असेल, असं मनात येत राहिलं.

पूर्वार्धात हॅकेट यांच्या स्वतःच्या रचना झाल्या. चांगल्या झाल्या. १९७९च्या 'स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज'ला शब्द नाहीत, गिटारच गाते. पण मी वाट पाहत होते उत्तरार्धाची.

'फॉक्सट्रॉट'ची सुरुवात होते मेलोट्रॉनच्या सुरावटीनं. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असलेलं वाद्य. पट्टी दाबली की फीत सरकते आणि व्हायोलिनचा किंवा माणसांचा मुद्रित आवाज ऐकू येतो. फीत जेमतेम आठ सेकंदांची, मग स्वर तुटतो, बोट उचलून पुन्हा दाबावं लागतं. जेनेसिसचे टोनी बँक्स यांनी त्या वाद्यातून ते जडशीळ, ढगांसारखे स्वरसमूह काढले होते. आज हॅकेट यांचे कीबोर्डवादक रॉजर किंग यांना त्या खऱ्या फितींची गरज पडत नाही, पण आवाज तोच. घरी तो स्पीकरमधून येतो. डोममध्ये तो जमिनीतून आला. खालच्या पट्टीतला स्वर लागला तेव्हा खुर्चीची लाकडी पाठ थरथरली आणि ती थरथर माझ्या बरगड्यांना लागली. ही गोष्ट सीडीवर नाही, आत्या. कितीही मोठा आवाज केला तरी नाही.

मग सगळे आत गेले आणि हॅकेट एकटे राहिले. हातात नायलॉनच्या तारांची साधी गिटार. 'होरायझन्स', दोन मिनिटांहूनही छोटी रचना, जुन्या काळचे जर्मन संगीतकार बाख यांनी चेलो या गजाच्या वाद्यासाठी लिहिलेल्या एका सुरावटीवरून सुचलेली. दीड हजारांहून जास्त माणसं बसतात त्या सभागृहात. एकानंही खोकलं नाही. मला तारेवरून बोट सरकल्याचा बारीक कुरकुर आवाज ऐकू येत होता.

आणि त्यानंतर 'सपर्स रेडी'. तेवीस मिनिटं, सात भाग. यातला एक भाग नऊ मात्रांत आहे. लहानपणी तबला शिकलेली असल्यामुळे माझी बोटं आपोआप मोजायला लागली. नऊ म्हटल्यावर आपण तीन-तीन-तीन धरतो, पण इथे वजन पडतं तीन-दोन-चार असं. ड्रम आणि बास हे चक्र अजिबात न हलता फिरवत राहतात आणि वर ऑर्गन आपल्याच वेगळ्या हिशेबानं धावतो, बराच वेळ समेला भेटतच नाही. माझ्या शेजारी माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे एक इंग्रज गृहस्थ बसले होते. त्यांचा हातही गुडघ्यावर तसाच पडत होता. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मी त्यांच्या हाताकडे. पुढची चारपाच आवर्तनं आम्ही दोघांनी मिळून मोजली. सम आली तेव्हा दोघांच्याही माना एकदम हलल्या. एक शब्द बोललो नाही. मध्यंतरात फक्त "इंग्लंडमध्ये किती वर्षं?" एवढंच झालं होतं.

आता मुख्य गोष्ट.

शेवटी लोकांनी उभं राहून त्यांना परत बोलावलं आणि 'फर्थ ऑफ फिफ्थ' सुरू झालं. ती सुरावट आधी फुंकवाद्यावर येते, मग पियानोवर, आणि मग गिटारकडे. मी उजव्या बाजूला, पुढून तिसऱ्या रांगेत होते. या वेळी मी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. आधी हात पाहिले, मग पाय. आणि छत्तीस वर्षांचा वाद तिथे मिटला.

हॅकेट यांच्या पायाखाली आवाजाचं पेडल असतं. तार छेडली त्या क्षणी आवाज बंद होता. म्हणजे आघात झाला, पण तो आम्हाला ऐकूच आला नाही. मग पाऊल हळूहळू खाली गेलं आणि स्वर, आधीच जन्मलेला, आत आला. गजानं वाजवल्यासारखा. पुढे डाव्या हाताचं बोट तारेवर डोलत राहिलं, फार थोडं, तंबोऱ्याच्या दोऱ्याएवढं. आणि त्या सोनेरी गिटारीत तारेखाली एक विद्युतचुंबक बसवलेला आहे, तो तारेचं कंपन विझू देत नाही. तार एकदाच छेडायची, स्वर मग हवा तेवढा धरून ठेवायचा. चाचा घोडीवर कानस फिरवून जे मिळवायचे, ते इथे चुंबक आणि पावलाच्या दाबानं साधलं होतं. शोध एकाच गोष्टीचा. आस.

हे मला रेकॉर्ड ऐकून कधी कळलं नसतं. रेकॉर्डवर स्वर तयार होऊन येतो. इथे बहात्तर वर्षांचा माणूस माझ्यासमोर तो तयार करत होता, आणि तो नीट तयार होईल की नाही हे त्यालाही पाऊल दाबेपर्यंत ठाऊक नसणार. त्या रात्री एका जागी स्वर जरा उशिरा उमलला. त्यांनी घाई केली नाही. साथीदार थांबल्यासारखे झाले, तो आला, मग सगळे पुढे निघाले.

तुम्ही "तेच ते" म्हणता ना, त्यानं मला खरंच वाईट वाटतं. मिरजेला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभेत आपण रात्र रात्र बसलोय. एखाद्या बुजुर्ग गायकानं आयुष्यभर गायलेली बंदिश पुन्हा काढली तर "हीच परत?" असं तिथे कोणी म्हणतं का? उलट पुढे सरकून बसतो आपण. हॅकेट तर आलाप-तानांतून बंदिश नवी करतही नाहीत, सुरावट बहुतेक जशीच्या तशी ठेवतात. माझ्या मते त्यांच्या वादनातली हीच सर्वांत अवघड गोष्ट आहे. स्वर बदलायचे नाहीत आणि तरी दर वेळी पहिल्यापासून घडवायचे.

शेवटच्या गाडीत बसल्यावर मी दादाला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेचार वाजून गेले होते, तरी त्यानं उचलला, माझीच वाट पाहत असल्यासारखा.

"गिटारच आहे," मी म्हटलं.

"मी तेव्हाच सांगितलं होतं." थोडा थांबून म्हणाला, "तो लांबचा स्वर वाजवला? वरचा?"

"वाजवला."

"किती वेळ धरला?"

इतका वेळ नवाची आवर्तनं बोटांवर मोजत बसले होते. तो स्वर मी मोजलाच नव्हता.