दहा फुटांत मावलेली मिनी

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, बर्मिंगहॅम

आज दसरा. दरवर्षीप्रमाणे पाने, फीलर गेज, ग्रीस गन आणि टॉर्क रेंच पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले आणि मग गॅरेजमध्ये जाऊन १९७८ सालच्या आमच्या मिनीच्या बोनेटवर झेंडूचा हार घातला. या वर्षी दसरा नेमका २ ऑक्टोबरला आला, हे मला विशेष वाटले. ज्यांनी ही गाडी घडवली ते सर अलेक इसिगोनिस याच तारखेला, १९८८ साली, याच शहरातल्या एजबॅस्टन भागात वारले. पूजेच्या वेळी त्यांचेही स्मरण केले. आपण ज्या यंत्राला हात जोडतो, त्याच्या कर्त्याचे नाव आपल्याला ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

संध्याकाळी साताऱ्याहून बाबांचा फोन आला. "गाडीची पूजा केलीस ना गं?" हा पहिला प्रश्न, आणि छायाचित्र पाहून दुसरा, "एवढ्याशा गाडीत चार माणसं बसतात तरी कशी?" बाबांनी उमेदीची सगळी वर्षे प्रीमियर पद्मिनी चालवली. तिचे इंजिन लांबीत बसवलेले, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि तिथून लांबलचक शाफ्ट पाठीमागच्या चाकांपर्यंत गेलेला, त्यामुळे पायांपाशी मधोमध उंचवटा. त्यांना फोनवर थोडक्यात सांगितले, पण पूर्ण उत्तर इथे लिहून ठेवते.

सुएझ कालव्याच्या पेचप्रसंगामुळे डिसेंबर १९५६ पासून मे १९५७ पर्यंत ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग होते. मोठ्या गाड्यांचा खप घसरला आणि बुडबुड्याच्या आकाराच्या, बहुतेक जर्मन बनावटीच्या चिमुकल्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख सर लिओनार्ड लॉर्ड यांना त्या अजिबात आवडत नसत. त्यांनी इसिगोनिस यांना खरीखुरी लहान मोटार करायला सांगितली. अटी मोजक्या पण कठीण होत्या. गाडी दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच अशा पेटीत बसली पाहिजे, त्या दहा फुटांपैकी सहा फूट प्रवाशांना मिळाले पाहिजेत, आणि खर्च वाचवण्यासाठी इंजिन मात्र कंपनीकडे आधीपासून असलेलेच वापरायचे.

म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, स्टिअरिंग आणि सामान या सगळ्यांसाठी उरले चार फूट. इसिगोनिस यांनी चार सिलिंडरचे ए-सिरीज इंजिन आडवे वळवले आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, तेलाच्या सम्पमध्येच, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यातच, बसवला. इंजिन आणि गिअर यांना तेल एकच. पुढची चाके ओढणारी असल्यामुळे मागे जाणारा शाफ्ट गेला आणि त्याच्याबरोबर मधला उंचवटाही गेला. रेडिएटरला समोर जागा उरली नाही, म्हणून तो इंजिनाच्या डाव्या बगलेला, चाकाच्या कमानीकडे तोंड करून उभा राहिला. चाकांच्या कमानी आतल्या माणसांची जागा खातात, म्हणून चाकेच दहा इंचांची केली आणि ती गाडीच्या चार टोकांना नेली, आणि डनलॉपने तेवढ्या लहान मापाचे टायर तिच्यासाठी बनवले. स्प्रिंगांच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी तयार केलेले रबरी शंकू आले. गाडीचे वजन सहाशे किलोच्या आसपास, आणि चार माणसे व सामान भरले की त्यात एकदम निम्म्याच्या जवळपास भर पडते. एवढा फरक साध्या स्प्रिंगला लहान जागेत पेलवत नाही, पण रबर जितके दाबावे तितके अधिक ताठ होत जाते. या सगळ्या उलाढालीतून गाडीच्या लांबी-रुंदीचा सुमारे ऐंशी टक्के भाग माणसांसाठी आणि सामानासाठी मोकळा झाला.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. इसिगोनिस यांनी एकेक इंच यंत्राकडून काढून घेतला आणि तो बसणाऱ्या माणसाला दिला. मी अनेक वर्षे ही गाडी सांभाळते आहे, आणि तिचा प्रत्येक गुण व जवळपास प्रत्येक दुखणे याच एका निर्णयाशी जाऊन मिळते, असा माझा अनुभव आहे.

हेही बाबांना सांगायला हवे होते की, आडवे इंजिन आणि पुढची ओढणारी चाके हा मार्ग पुढे जगभरातल्या लहान गाड्यांनी धरला. भारतात घरोघरी पोहोचलेल्या मारुती ८०० चे इंजिनही आडवेच होते. फक्त तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात नसून त्याच्या शेजारी होता आणि त्याचे तेल वेगळे होते. फियाटच्या घराण्यातले अभियंते दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुलामध्ये ही रचना आणली, आणि शेवटी जगाने तीच स्वीकारली. दुरुस्तीच्या दृष्टीने ती सरस आहे, हे मिनीवर जीव असूनही मी मान्य करते.

शनिवार, ४ ऑक्टोबर

जुन्या रचनेची शेवटची मिनी बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिजच्या कारखान्यातून ४ ऑक्टोबर २००० रोजी बाहेर पडली, त्याला आज पंचवीस वर्षे झाली. हवामान वाईट होते, वारा गाडीला बाजूने ढकलत होता, तरी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमला जायचे ठरले होते आणि आम्ही गेलो.

पाऊस आणि मिनी यांचे वैर जुने आहे आणि त्याचे मूळही त्याच चार फुटांत आहे. सुरुवातीच्या नमुन्यांत कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, पुढच्या बाजूला होता आणि थंडीत त्याच्यात बर्फ धरत असे. म्हणून इंजिन उलटे फिरवून कार्ब्युरेटर मागे नेला. तो सुरक्षित झाला, पण त्यामुळे प्लगांना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर पुढे आला, थेट जाळीच्या मागे, जिथे समोरच्या लॉरीने उडवलेले पाणी नेमके पोहोचते. इंजिन फटफटू लागते आणि गाडी बंद पडते. यावर इथल्या मालकांचा जुना उपाय आहे आणि तो मीही करते. भांडी घासायचा रबरी हातमोजा घ्यायचा, त्याच्या बोटांची टोके कापायची, चार प्लगच्या आणि एक कॉइलची अशा पाच तारा पाच बोटांतून ओवून घ्यायच्या आणि तळव्याचा भाग डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर ताणून बसवायचा. आज मोटरवेवर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडत असताना इंजिन एकदाही अडखळले नाही.

संग्रहालयात १९५९ ची मॉरिस मिनी-मायनर आहे, नोंदणी क्रमांक ६२१ एओके. तिथेच शेवटची लाल कूपर स्पोर्टही आहे. दोघींच्या मध्ये एक्केचाळीस वर्षे आणि ५३,८७,८६२ गाड्या उभ्या आहेत. मी बराच वेळ पहिल्या गाडीजवळच थांबले. बाहेरून दिसणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या, सरकत्या काचा, काच खाली उतरवायची यंत्रणा नसल्यामुळे दाराच्या पोकळीत निघालेले ऐसपैस कप्पे, पत्र्याचे सांधे आत न लपवता बाहेर वळवून केलेली जोडणी. त्यामुळे वेल्डिंग सोपे आणि स्वस्त झाले. मधोमध एकच गोल वेगमापक. एकही गोष्ट दिखाव्यासाठी नाही, आणि तरीही ती सुंदर दिसते. माझ्या १९७८ च्या गाडीला खाली उतरणाऱ्या काचा आणि लपलेल्या बिजागऱ्या आहेत. सोयीच्या आहेत, पण ते कप्पे गेल्याची हळहळ मला पहिल्या गाडीसमोर उभे राहिल्यावर नेहमी वाटते.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी ही गाडी जगासमोर आली तेव्हा साध्या मॉडेलची किंमत करासह ४९६ पौंड १९ शिलिंग २ पेन्स होती. एकाच गाडीची नावे दोन होती: ऑक्सफर्डजवळच्या काउलीत बनली ती मॉरिस मिनी-मायनर आणि लाँगब्रिजची ती ऑस्टिन सेव्हन. इंजिन ८४८ सीसी. आधीच्या ९४८ सीसीच्या इंजिनावर नमुना गाडी ताशी नव्वद मैलांपर्यंत पळू लागली होती आणि त्या काळच्या सामान्य चालकासाठी तो वेग फार होता, म्हणून इंजिन लहान केले. पहिल्या वर्षी तक्रारीही आल्या. तळाच्या पत्र्यांचा एक सांधा चुकीच्या दिशेने होता आणि पावसात पाणी आत येऊन गालिचे भिजत. ज्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांसाठी ती केली होती, त्यांनी आरंभी तिच्याकडे संशयानेच पाहिले. राजकुमारी मार्गारेट आणि लॉर्ड स्नोडन यांच्यासारखी मंडळी ती लंडनमध्ये चालवू लागली, तेव्हा तिची हवा झाली. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांच्या हाताखालून गेल्यावर तिने १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ सालीही ती पहिली आली होती, पण हेडलाइटच्या बल्बांवरून तिला बाद केले गेले, आणि तो निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

एवढ्या गाड्या खपूनही कंपनीला मिनीतून फारसे हाती लागले नाही. फोर्डच्या अभियंत्यांनी एक मिनी सुटी करून तिचा खर्च मांडला आणि प्रत्येक गाडीमागे सुमारे तीस पौंडांचा तोटा होत असावा असा निष्कर्ष काढला, ही हकिगत मोटार उद्योगात प्रसिद्ध आहे. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड, पुढे रोव्हर, १९९४ मध्ये बीएमडब्ल्यू, असे धनी बदलत गेले. २००१ पासून काउलीत बनणारी नवी मिनी चांगली गाडी आहे. पण दहा फुटांचे ते बंधन तिने सोडून दिले आहे, आणि माझ्या लेखी मिनीचे सगळे शहाणपण त्या बंधनातून आले होते.

येताना लाँगब्रिजवरून आलो. २००५ साली एमजी रोव्हर बुडाल्यावर कारखान्याचा मोठा भाग पाडला गेला. तिथे आता दुकाने, घरे आणि कॉलेज आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

हिवाळ्याआधीची कामे आज पूर्ण केली. तेल बदलले. गिअर आणि इंजिन यांचे तेल एकच असल्यामुळे गिअरचे दाते ते चिरडतात आणि ते लवकर पातळ पडते, म्हणून मी २०-५० चे खनिज तेलच घालते आणि तीन हजार मैल पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. टॅपेटची, म्हणजे झडपांपाशी ठेवायची, फट थंड इंजिनावर बारा थाऊला (इंचाच्या बारा हजारांशांना) लावली. मग पुढच्या चाकांचे आणि मागची चाके धरणाऱ्या रेडियस आर्मचे ग्रीस निपल. मागच्या निपलांपर्यंत ग्रीस गन पोहोचवताना जमिनीवर आडवे पडून मनगट वाकवावे लागते. तिथे हाताला नाकारलेली जागा आतल्या माणसाच्या गुडघ्यांना मिळालेली असते, त्यामुळे मला त्याचा राग येत नाही.

खरा शत्रू गंज आहे. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, ते चिखलाबरोबर मागच्या सबफ्रेमच्या (चाके धरणाऱ्या चौकटीच्या) पोकळीत जाऊन बसते आणि पत्रा आतून खाते. पुढची सबफ्रेम मात्र इंजिनातून झिरपणाऱ्या तेलाने माखलेली राहते आणि दीर्घकाळ टिकते. आमच्या गाडीची मागची सबफ्रेम मागेच बदलून झाली. उजव्या बाजूचा सिल, म्हणजे दाराखालचा पोकळ पत्र्याचा पट्टा, अजून बाकी आहे. पूर्वीच्या कुणीतरी सडलेला मूळ सिल न कापता त्यावर रुंद पत्र्याचे कव्हर वेल्ड करून टाकले होते. अशा कव्हरमागे पाणी साचते, आणि मिनीला वेगळी चॅसी नसून बॉडी हाच तिचा सांगाडा असल्यामुळे सिल सडणे म्हणजे गाडीचा कणा सडणे. केवळ दिसायला नीट व्हावी म्हणून केलेली अशी दुरुस्ती मला फसवणुकीइतकीच वाईट वाटते.

चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला या देशात रस्ता कर पडत नाही, आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. तरीही मी दरवर्षी एमओटी, म्हणजे ही तपासणी, करून घेते. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत, त्यांचे अ‍ॅडजस्टर जाम होतात, आणि शिक्षित डोळ्यांनी वर्षातून एकदा गाडी खालून पाहिलेली बरी. पेट्रोल कमी इथेनॉलचे ई-५ च भरते. सप्टेंबर २०२१ पासून इथले साधे पेट्रोल ई-१० झाले आहे आणि त्यातले जादा इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही.

ऑक्सफर्डशायरमधल्या विटनी येथे ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवर मिनीच्या अख्ख्या नव्या बॉड्या बनवते. आमचे इंजिन, सबफ्रेम आणि आसने अशा नव्या बॉडीत बसवली तर गंजाचा प्रश्न पुढची काही दशके मिटेल. यजमानांचे मत त्याच बाजूचे आहे आणि हिशेबाने ते बरोबरही आहे. माझे मत आज पक्के झाले. छत, स्कटल (समोरच्या काचेखालचा पत्रा), तळाचा पत्रा आणि डावा सिल अजून शाबूत आहे, तोवर मूळ बॉडी मोडीत काढायची नाही. कव्हर कापून टाकायचे, आतला मूळ सिल मापाचा आणि पाणी वाहून जायच्या फटींसह नवा बसवायचा, आणि वेल्डिंग झाल्यावर पोकळीत मेण फवारायचे. रबरी शंकूही बसले आहेत, गाडी डाव्या अंगाला किंचित झुकते, तेही त्याच वेळी बदलू. पत्रा मागवला आहे. काम मार्चमध्ये, मीठ टाकणे थांबल्यावर सुरू करायचे आहे.