तुम्ही विचारलंत म्हणून : विद्यार्थी घेतले की आपले संशोधन वाढते का?

पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून नुकतीच मान्यता मिळालेले पुण्यातले तरुण सहकारी मला हमखास विचारतात, की विद्यार्थी घेतल्यावर आपले स्वतःचे संशोधन वाढते की मागे पडते. माझे उत्तर असे, की आधी ते मागे पडते आणि पुढे, विद्यार्थ्याचा विषय आपल्या कामाला लागून असेल तरच, वाढते.

प्रयोगशाळेतल्या विषयांत हे वेगळे असते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी विद्यार्थ्याचा प्रयोग बहुधा मार्गदर्शकाच्याच प्रकल्पात बसतो आणि शोधनिबंधावर दोघांची नावे येतात, त्यामुळे विद्यार्थी आणि निबंध बरोबरीने वाढलेले दिसतात. त्यावरून विद्यार्थ्यांमुळेच निबंध वाढले असे मात्र म्हणता येत नाही, कारण ज्याचे काम आधीच जोरात चालले आहे आणि ज्याच्याकडे अनुदान आहे, त्याच्याकडेच विद्यार्थी जातात.

मी शेतमालाच्या बाजारांचे अर्थशास्त्र शिकवतो. आमच्याकडे प्रबंध एकट्या विद्यार्थ्याचा असतो, आणि केवळ मसुदा तपासला म्हणून त्याच्या निबंधावर मी माझे नाव घालत नाही. तरीही मला मिळते ते पुष्कळ असते. माझी एक विद्यार्थिनी मार्केट यार्डातल्या कांद्याच्या आवकेच्या जुन्या नोंदी उतरवून घेत होती. त्यांत काही महिने आवक क्विंटलमध्ये होती, तर काही महिने नुसत्या पिशव्यांत. ‘सर, पिशवी किती किलोची धरायची?’ या तिच्या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हते. ती जुन्या तोलणारांना जाऊन भेटली, मी इतर बाजार समित्यांच्या नोंदी काढल्या, आणि अशा आकड्यांवर कितपत विसंबावे याविषयीचा माझा निबंध त्यातून लिहून झाला. ती नसती, तर तो प्रश्न मला पडलाच नसता.

हे पुण्याला नवे नाही. १९३९ साली डेक्कन कॉलेजात आलेले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी विद्यार्थ्यांना एकेक नदीखोरे किंवा प्रदेश अभ्यासाला दिला, आणि त्या प्रबंधांतून दख्खनच्या प्रागितिहासाचे चित्र भरत गेले. गुरूच्या मोठ्या प्रश्नाचा एक तुकडा शिष्याकडे संपूर्ण सोपवलेला असे, म्हणून दोघांचेही काम पुढे सरकले.

आजच्या गुणांकनात हे नाते दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार एका विद्यार्थ्याला पदवी मिळाली की मार्गदर्शकाला १० गुण मिळतात, आणि सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधालाही १०च. कित्येक वर्षांचे मार्गदर्शन आणि एक निबंध एकाच मापाने मोजले, तर हुशार शिक्षक निबंधाकडेच वळणार, आणि त्याला दोष देणे मला जमत नाही.

तेव्हा नियमाने सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात म्हणून चारही जागा लगेच भरू नका. पहिला विद्यार्थी असा निवडा, की ज्याची साधने तुम्ही स्वतः हाताळलेली आहेत आणि ज्याचा प्रश्न त्याने विचारला नसता तरी तुम्हाला कधीतरी सोडवावाच लागला असता.